टाकीला पंचांग लावलं तेव्हा: हॉर्निमन म्युझियममधलं प्रवाळांचं स्पॉनिंग

रीफ टँक, म्हणजे प्रवाळ वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणाऱ्या कुणालाही विचारा, प्रवाळाची पैदास कशी करतात? उत्तर एकच मिळेल. फांदी कापायची, छोट्या चकतीवर सुपरग्लूने चिकटवायची आणि काही आठवडे तिला हात लावायचा नाही. याला फ्रॅग म्हणतात आणि या छंदाचा बहुतेक बाजार फ्रॅगवरच चालतो. पद्धत उत्तम आहे, पण तिच्यातून नवा जीव जन्माला येत नाही. जुनाच जीव तुकड्यातुकड्याने पसरत जातो. एखाद्या लोकप्रिय फांदीदार प्रवाळाचे, समजा अ‍ॅक्रोपोराचे तुकडे शंभर घरांत असले, तरी आनुवंशिकदृष्ट्या तो एकच प्राणी असतो.

समुद्रात बहुतेक प्रवाळ, म्हणजे सुमारे ८५ टक्के जाती, अंडी आणि शुक्राणू थेट पाण्यात सोडतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या पौर्णिमेनंतर चार-सहा रात्रींनी कित्येक जाती एकदमच हा कार्यक्रम उरकतात. यालाच स्पॉनिंग म्हणतात. टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठातल्या तरुण संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे टिपलं आणि १९८४ साली ते ‘सायन्स’मध्ये छापून आलं. त्यानंतरची तीसेक वर्षं प्रवाळांच्या प्रजननावर काम करायचं, तर रस्ता एकच होता. त्या आठवड्यात रीफवर हजर राहायचं, अंडी भरलेल्या वसाहती (एक प्रवाळ म्हणजे असंख्य छोट्या जीवांची, पॉलिपांची, वसाहत) उचलून किनाऱ्यावरच्या टाक्यांत आणायच्या आणि वाट बघायची. हवा बिघडली, तारीख चुकली की पुढच्या वर्षी.

मग समुद्रापासून दूर, बंद टाकीत वर्षानुवर्षं वाढवलेल्या प्रवाळांचं काय? ते वाढायचे, रंग धरायचे, फांद्या फुटायच्या. पण ठरवून, सांगितलेल्या वेळी त्यांनी अंडी सोडल्याची नोंद नव्हती. ही कोंडी फोडली ती लंडनमधल्या एका म्युझियमच्या छोट्याशा मत्स्यालयाने. तेच हे प्रकरण.

जागा आणि माणसं

दक्षिण लंडनच्या फॉरेस्ट हिल भागात हॉर्निमन म्युझियम आहे. फ्रेडरिक हॉर्निमन हा चहाचा व्यापारी. जगभरातून गोळा केलेल्या वस्तू ठेवायला त्याने ही इमारत बांधून घेतली आणि १९०१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. भुसा भरलेला वॉलरस, जुनी वाद्यं, मधमाश्यांचं काचेचं पोळं, असा एकूण मामला. प्रवाळांच्या विज्ञानात क्रांती व्हावी अशी ही जागा मुळीच वाटत नाही.

तिथल्या मत्स्यालयाचे क्युरेटर जेमी क्रॅग्स यांनी २०१२ मध्ये ‘प्रोजेक्ट कोरल’ सुरू केलं. डर्बी विद्यापीठाचे मायकल स्वीट, सिंगापूरच्या रीफवर स्पॉनिंगचा अभ्यास केलेले जेम्स गेस्ट अशी मंडळी सोबत होती. समुद्राचं पाणी सतत खेळवायची सोय लंडनमध्ये नाही. म्हणजे मिठापासून बनवलेलं पाणी, सम्प (खालची गाळण-टाकी), स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र), चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), हीटर, एलईडी दिवे आणि सगळ्यावर लक्ष ठेवणारा कंट्रोलर. यादी वाचून ओळखीचं वाटलं ना? वाटणारच. घरच्या रीफ टँकवाल्यांसाठी जे तंत्र विकसित झालं, त्याचाच हा मोठा अवतार होता. म्हणून हे प्रकरण आपल्या कामाचं आहे.

काय कमी होतं

चांगल्या रीफ टँकचा आलेख कसा असतो ते आठवा. तापमान वर्षभर २५-२६ अंशांच्या रेषेवर, दिवा रोज ठरल्या वेळी लागणार आणि ठरल्या वेळी विझणार. रेष जितकी सपाट तितका मालक खूश. प्रवाळ जगवायला ही सपाट रेष फार मोलाची आहे, यात वाद नाही. पण अंडी धरायला प्रवाळाला वर्ष कुठवर आलंय ते कळावं लागतं आणि सपाट रेषेत वर्षच नसतं. बारा महिने एकच महिना.

अ‍ॅक्रोपोराच्या पोटात अंडी तयार व्हायला अनेक महिने लागतात, शुक्राणू शेवटच्या टप्प्यात बनतात. पाणी थंडीतून उन्हाळ्याकडे तापत जाताना ही अंडी पिकतात. म्हणून क्रॅग्स आणि मंडळींनी टाकीत ऋतू आणले. ग्रेट बॅरिअर रीफच्या वसाहतींना तिथल्या तापमानाचा वर्षभराचा चढउतार दिला. सिंगापूरच्या वसाहतींना सिंगापूरचा दिला, जिथे हा फरक बराच कमी असतो. दिवसाची लांबी रीफच्या अक्षांशाप्रमाणे रोज थोडी थोडी बदलत ठेवली. प्रकाशाची तीव्रता ऋतूप्रमाणे कमीजास्त केली. शेवटी चंद्र आणला. मंद एलईडी, पण रोज वेगळ्या वेळी उगवणारा, कलेप्रमाणे वाढणारा आणि घटणारा.

चंद्राचा भाग समजून घ्यायला आपल्याला पुस्तक उघडावं लागत नाही. घरात कुणी संकष्टी करत असेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ बघून मगच ताट वाढलं जातं आणि ती वेळ साधारण नऊच्या आगेमागे असते. पौर्णिमेला सूर्य मावळताना चंद्र उगवतो, अंधार होतच नाही. पुढे तो रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा येतो. वद्य चतुर्थीपर्यंत सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामध्ये दोन-तीन तासांचा काळोख तयार झालेला असतो. बऱ्याच प्रवाळांना खूण पटते ती या काळोखाची. तैवानजवळच्या डिप्सअ‍ॅस्ट्रिया स्पेसिओसा या प्रवाळावरचे प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातही सूर्यास्तानंतरचा अंधार हाच इशारा ठरला. म्हणजे आपल्याकडची मंडळी चंद्र उगवायची वाट बघतात, तर प्रवाळ तो उगवायच्या आत काम उरकतात.

पंचांगाची आणखी एक गंमत इथे लागू पडते. बारा चांद्रमास म्हणजे ३५४ दिवस, त्यामुळे पौर्णिमा दरवर्षी अकरा दिवसांनी मागे सरकते. आपण अधिक महिना घालून हिशेब जुळवतो. पौर्णिमा फार लवकर आली, की रीफवरच्या काही वसाहती या महिन्यात आणि उरलेल्या पुढच्या महिन्यात अंडी सोडतात. संशोधक याला विभागलेलं स्पॉनिंग म्हणतात. टाकीतला चंद्र कंट्रोलरमध्ये भरताना हा सरकता हिशेब धरावा लागतो. रोज रात्री तोच निळा दिवा लावायचा, हे आपल्याकडचं ‘मूनलाइट’, प्रवाळाच्या दृष्टीने रोजची पौर्णिमा आहे. खरं सांगायचं, तर अनेक घरांत तो दिवा प्रवाळांसाठी नसतोच, पाहुण्यांसाठी असतो.

हॉर्निमनमध्ये बाहेरच्या उजेडाचाही बंदोबस्त करावा लागला. मोठ्या शहरात खिडकीतून रस्त्यावरचा दिवा येतो, खोलीतली ट्यूब कुणीतरी लावतं. टाक्यांभोवती प्रकाश अडवणारे पडदे आले. खाणंही मुबलक ठेवलं, कारण अंड्यात चरबी ठासून भरलेली असते आणि ती केवळ उजेडावर भागत नाही.

आणि या सगळ्याची परीक्षा वर्षातून एकदाच. मार्चमध्ये काही चुकलं, तर ते नोव्हेंबरमध्ये कळणार. घरी असा धीर किती जणांना असतो?

ती रात्र

२०१३ मध्ये पहिल्यांदा टाकीतल्या प्रवाळांनी अंडी सोडली. पुढे ही घटना पुन्हा पुन्हा घडवता आली आणि २०१७ मध्ये ‘इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात सगळी पद्धत छापून आली. पूर्णपणे बंद यंत्रणेत, आधी सांगता येईल अशा वेळी झालेलं बाह्य स्पॉनिंग म्हणून हीच पहिली नोंद. सिंगापूर आणि ग्रेट बॅरिअर रीफची परिस्थिती दिलेल्या टाक्यांत अ‍ॅक्रोपोराच्या चार जातींनी साथ दिली: हायासिंथस, मिलेपोरा, टेन्युइस आणि मायक्रोक्लाडोस. नमुन्यांची संख्या फार लहान होती, हे शोधनिबंधातच स्पष्ट लिहिलंय.

अंडी आहेत की नाहीत, हे आधी कसं कळतं? फांदीचं टोक सोडून खालचा तुकडा मोडायचा. ताज्या तुटलेल्या भागात सांगाड्याच्या पांढऱ्या जाळीत पिकली अंडी गुलाबी-केशरी दाण्यांसारखी उघड्या डोळ्यांनी दिसतात. दाणे पांढरेच असतील, तर अजून अवकाश आहे. टोक मोडण्यात अर्थ नसतो, कारण वाढत्या टोकाकडचे पॉलिप अंडी धरत नाहीत.

मग प्रत्यक्ष रात्र. पंप बंद, खोलीत अंधार, हातात लाल टॉर्च, कारण लाल उजेड प्रवाळांना फारसा जाणवत नाही. आधी काहीच दिसत नाही. मग एकेका पॉलिपच्या तोंडाशी गुलाबी ठिपका वर येतो आणि तिथेच अडून राहतो. याला ‘सेटिंग’ म्हणतात. अर्धा-पाऊण तास आख्खी वसाहत अशी ठिपक्यांनी भरून तटस्थ उभी असते, बघणाऱ्याला वाटतं काही बिनसलं. नंतर एका बाजूचे ठिपके सुटतात, मग दुसऱ्या बाजूचे, आणि काही मिनिटांत टाकीभर गुलाबी गोळ्या सावकाश वर जाऊ लागतात. प्रत्येक गोळीत काही अंडी आणि त्यांच्यामध्ये दाबून भरलेले शुक्राणू. अ‍ॅक्रोपोरा उभयलिंगी आहे, दोन्ही एकाच पॉलिपमधून येतात. चरबीमुळे गोळी तरंगते, पृष्ठभागावर पोचल्यावर काही वेळात फुटते आणि अंडी-शुक्राणू मोकळे होतात.

जातीजातींच्या वेळाही ठरलेल्या. टेन्युइस सूर्यास्तानंतर लवकरच सुरू होते, मिलेपोरा तिच्यानंतर दोनेक तासांनी. रीफवर शेजारी शेजारी राहणाऱ्या जातींचा संकर व्हायला या अंतरामुळे आळा बसतो.

पुढचं काम माणसाचं. गोळ्या पृष्ठभागावरून अलगद गोळा करायच्या आणि वेगवेगळ्या वसाहतींच्या एकत्र मिसळायच्या. एकाच वसाहतीची अंडी आणि तिचेच शुक्राणू यांचं सहसा जमत नाही. स्वफलन फार कमी होतं. फलन झालं की जादा शुक्राणू धुऊन टाकायचे, नाहीतर ते कुजून सगळं पाणी नासवतात. दोनेक दिवसांत केसाळ अळी पोहायला लागते, आणखी काही दिवसांनी ती बसायला जागा शोधते. गुलाबी खडकशेवाळ चढलेला पृष्ठभाग तिला विशेष पसंत असतो. आपल्या टाकीत पाठच्या काचेवर चढणारं जे जांभळं-गुलाबी पुट आपण खरवडत बसतो, त्याच कुळीचं.

बाळं जगवणं

स्पॉनिंगचे फोटो सगळीकडे फिरले, पण मला या प्रकरणातलं सर्वांत डोकेबाज काम वाटतं ते त्यानंतरचं. बसलेलं बाळ-प्रवाळ एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचं असतं. त्याच्या शेजारी शेवाळ उगवलं, की आठवड्याभरात ते गाडलं जातं. हाताने साफ करायला गेलं तर बाळच खरवडलं जातं. गोगलगायी ठेवल्या तर त्या बाळांवरून रवंदळत जातात.

हॉर्निमनच्या गटाने टाकीत समुद्री अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखे प्राणी, सोडले. मेस्पिलिया ग्लोब्युलस, अंगावर निळे मखमली पट्टे असलेला छोटा गोल अर्चिन, जो छंदाच्या दुकानांत ‘टक्सिडो अर्चिन’ म्हणून विकतात. मिलेपोराच्या पिल्लांसोबत हे अर्चिन वाढवले, तर सुरुवातीच्या काळात पिल्लं जास्त जगतात, असं २०१९ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या त्यांच्या कामात दिसलं. शेवाळ खाणारा प्राणी रीफ टँकमध्ये सगळेच ठेवतात. इथे त्याचं काम काच चकचकीत ठेवणं नव्हतं, पिढी वाचवणं होतं.

पुढे टाकीत जन्मलेल्या मिलेपोराने मोठं होऊन टाकीतच अंडी सोडली आणि आयुष्याचं एक पूर्ण चक्र समुद्राविना पार पडलं.

फ्लोरिडात याच पद्धतीला तातडीचं काम मिळालं. २०१४ मध्ये मायामीजवळ प्रवाळांचे ऊतक गळून पडायचा एक रोग दिसला आणि तो फ्लोरिडाची रीफ पोखरत गेला. खांबासारखा उभा वाढणारा डेंड्रोजायरा सिलिंड्रस तिथून जवळजवळ नाहीसा झाला. या जातीत नर वसाहत वेगळी, मादी वेगळी. उरलेले खांब एकमेकांपासून इतके दूर, की पाण्यात सोडलेल्या बीजपेशी भेटणंच अशक्य. म्हणून काही वसाहती आधीच समुद्रातून उचलून टाम्पाच्या फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमकडे आणल्या होत्या. हॉर्निमनच्या मदतीने तिथे ऋतू आणि चंद्र बसवले. ऑगस्ट २०१९ मध्ये, आपल्याकडची नारळी पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस उलटले असतील, त्या खांबांनी टाकीत अंडी आणि शुक्राणू सोडले. अटलांटिकमधल्या प्रवाळाकडून प्रयोगशाळेत हे घडवून आणण्याची ही पहिली वेळ.

घरच्या टाकीत काय होतं

घरी जे स्पॉनिंग दिसतं ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रोपोराचं नसतं, बबल-टिप अ‍ॅनिमोनीचं असतं. एन्टाक्मिया क्वाड्रिकलर, क्लाउनफिश ज्यात लोळतो तो फुलासारखा मऊ प्राणी. एका संध्याकाळी अ‍ॅनिमोनी फुगतो, तोंड वर काढतो आणि तोंडातून धुरासारखं पांढरं काही बाहेर येऊ लागतं. दहा मिनिटांत मागची काच दिसेनाशी होते. हा नर. मादी असेल तर बारीक गोल अंडी बाहेर पडतात आणि क्लाउनफिशची मेजवानी होते.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधल्या सॉलिटरी आयलंड्सचे हेच अ‍ॅनिमोनी अ‍ॅना स्कॉट आणि पीटर हॅरिसन यांनी टाक्यांत ठेवून पाहिले होते. तिकडच्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदात, मुख्यतः पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत ते बीजपेशी सोडत; सहसा आधी नर, मग माद्या. अंडं जवळपास ०.८ मिलिमीटरचं आणि आईने दिलेलं सहजीवी शैवाल त्यात आधीपासूनच. अ‍ॅक्रोपोराच्या बाळाला हे शैवाल जन्मानंतर बाहेरून मिळवावं लागतं, अ‍ॅनिमोनीचं बाळ शिदोरी घेऊनच निघतं.

मग घरी बाळं का होत नाहीत? बबल-टिप टाकीत दोन तुकडे होऊन वाढतो. एकाचे पाच झाले तरी पाचही एकाच लिंगाचे, एकाच जीवाचे भाग. पाची जण एकदम धूर सोडतील, पण समोर अंडं नाही. दुकानातून एकच आणायचा आणि तो फुटला की आनंद मानायचा, ही आपली रीत. वेगळ्या ठिकाणाहून आलेला, वेगळ्या लिंगाचा दुसरा अ‍ॅनिमोनी त्याच टाकीत असणं हा योगायोगच. त्यातूनही फलन झालंच, तर स्किमर आणि पंप अळ्यांना उरू देत नाहीत.

याला अपवाद वाटावा असा एक प्राणी घरच्या टाक्यांत सापडतो: पोसिलोपोरा. काचेवर, ओव्हरफ्लोच्या पेटीत, पंपाच्या झाकणावर त्याची तांदळाएवढी बाळं आपोआप उगवतात. पण त्याची पद्धत वेगळी. तो अळी पोटात वाढवून तयार झाल्यावर सोडतो आणि यातल्या बऱ्याच अळ्या अलैंगिक, म्हणजे आईच्याच प्रती असतात. त्यावरून अ‍ॅक्रोपोराबद्दल अंदाज बांधू नये.

छंदातल्या लोकांचं एक ठाम मत असतं: अ‍ॅनिमोनीने धूर सोडला म्हणजे तो ताणात आहे, मरायला टेकलाय. यात अर्धं तथ्य आहे. मोठं पाणी बदललं, तापमान घसरलं, प्रवासातून आला की बीजपेशी सोडल्या जाऊ शकतात. पण धक्क्याने बाहेर येण्यासाठी आत काही पिकलेलं असावं लागतं आणि पिकायला महिने लागतात. उपाशी, आजारी प्राणी हा खर्च करत नाही. म्हणून स्पॉनिंग दिसलं तर मागच्या काही महिन्यांत तुम्ही त्याला नीट खाऊ घातलंत, असाच अर्थ मी काढतो. मरणारा अ‍ॅनिमोनी वेगळा ओळखू येतो. त्याचं तोंड सैल उघडं राहतं, पाय दगडाची पकड सोडतो, ऊतक लोंबतं आणि वास येतो. कुजल्याचा तो वास एकदा घेतला की पुन्हा विसरत नाही.

पाणी पांढरं झालं, तर स्किमरच्या कपावर लक्ष ठेवा, तो भसाभस भरून वाहू शकतो. एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावा, कारण सगळे ते शुक्राणू मरून कुजताना बॅक्टेरिया ऑक्सिजन खातात. ताजा कार्बन (पाणी गाळणारा कोळसा) घाला, अमोनिया तपासा, थोडं पाणी बदला. छोट्या टाकीत हे लगेच करावं लागतं. मोठी टाकी बहुधा सकाळपर्यंत आपोआप निवळते.

हॉर्निमनचा प्रयोग घरी करावा का? मिश्र टाकीत तर नकोच. मासे, कोळंबी, दहा ठिकाणचे दहा प्रवाळ एकत्र ठेवून तापमान वर-खाली नेलं, तर अंडी येण्याआधी कुणीतरी मरेल. वेगळी टाकी, एकाच रीफवरच्या किमान दोन वेगळ्या मूळ वसाहती, चांगला चिलर आणि संपूर्ण अंधार देता येईल अशी खोली, एवढं हाताशी हवं. युरोप-अमेरिकेत असलेल्यांना ही जमवाजमव खर्चिक असली तरी कायदेशीर आहे.

भारतात गोष्ट वेगळी. कठीण सांगाड्याचे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या खडकांवरून असो वा अंदमानातून, ते तोडणं आणि विकणं गुन्हा आहे आणि दुकानदाराने ‘इम्पोर्टेड’ म्हटल्याने कागद तयार होत नाहीत. त्यामुळे इथल्या रीफ टँकवाल्याने स्पॉनिंगची वाट बघायचीच असेल, तर ती अ‍ॅनिमोनीची बघावी. त्यासाठी वेगवेगळ्या ठिकाणाहून आणलेले दोन बबल-टिप, भरपूर खाणं आणि रात्री निळा दिवा बंद, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.